गार हवेत माय बरी असते

देवबाग, मालवण
३ मे

प्रिय सॅम,

रागावू नकोस, पण काही दिवस तू फोन करू नकोस. त्यापेक्षा मेलवर लिहीत जा, मीही लिहीन. शाळेतून निवृत्त झाले तरी टायपिंग विसरलेले नाही.

कारण सांगते. परवा तुझा फोन आला, नेट तुटलं, धड दोन वाक्यंही झाली नाहीत. तू फोन ठेवलास आणि माय उठून फाटकाशी जाऊन उभी राहिली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी विचारलं, "माय, खंय चललंस?" तर म्हणाली, "सॅमाचो फोन इल्लो मां? येष्टीतून उतारलो आसतलो." मी सांगितलं की तो जहाजावर आहे, दूर आहे. "होय मां," म्हणाली, आत आली, पाणी प्याली आणि थोड्या वेळाने पुन्हा फाटकाशी. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी शेजारची शेवंतीवहिनी आली आणि मासळीच्या गजाली सांगत सांगत तिला घरात घेऊन गेली.

विसरणं तू गेल्या वेळी आलास तेव्हाही होतंच. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, एवढंच. यंदाच्या उन्हाळ्याने मात्र हद्द केली आहे. दुपार झाली की माय माय राहत नाही. मला 'बाई' म्हणते, अहोजाहो करते. एकदा मला म्हणाली, "तुमका उशीर जायत, घराकडे जावा." डॉक्टर म्हणतात, या आजारात उष्मा बाधतो, त्यात ती पाणी कमी पिते. सकाळ-संध्याकाळ जरा बरी असते.

बाकी, कोकमं यंदा भरपूर लागली आहेत. सोलं अंगणभर वाळत घातली आहेत, घराला आंबट वास सुटला आहे. तुझा करार महिनाअखेर संपतो ना? तारीख कळली की लिही.

तुझी बहीण, बाय


जहाजावरून
७ मे

प्रिय बाय,

फोन करणार नाही. पण माय फाटकाशी उभी राहिलेली सारखी डोळ्यांसमोर येते. काल मटणाला दोनदा मीठ घातलं. कॅप्टन काही बोलला नाही, खलाशी मात्र बोलले.

इथे पहाटेचा नाश्ता उरकला की मला थोडा निवांतपणा मिळतो. मेसमधल्या कॉम्प्युटरवर सगळे आपापल्या घरच्या बातम्या बघतात, आणि मी बघतो मालवणचं हवामान. हसू नकोस. आमच्या अवतीभवती नुसतं पाणी, आणि मी वाचत बसतो की देवबागला आज ऊन किती, वारा कुठून. त्यावरून मला अंदाज येतो की तू आज ओट्यावर बसली असशील की आतल्या खोलीत.

तर आता ऐक, चांगली बातमी आहे. पुढच्या आठवड्यासाठी असं लिहिलंय: 'सिंधुदुर्ग, किनारपट्टी व घाटाखालचा भाग. आकाश ढगाळ, अधूनमधून हलक्या ते मध्यम सरी, घाटात जोर जास्त. दिवसाचे तापमान सरासरीपेक्षा कमी. हवा गार.' मेच्या मध्यावर गार! मी दोनदा वाचलं. तेव्हा सोलं आत घे, आणि मायला बाहेर बसव.

एक विचारायचं होतं. तिला अजून राग आहे का ग? पप्पा गेले तेव्हा मला बंदर मिळालं नाही, मी मातीला पोचलो नाही. त्यानंतर दोनदा घरी येऊन गेलो, पण ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली. मी आलो की तिला बरं वाटतं की तेच सगळं आठवतं, मला खरंच कळत नाही.

करार या महिन्याच्या शेवटी संपतो. बघू.

सॅम


देवबाग
१४ मे

प्रिय सॅम,

तुझं हवामान खरं निघालं! रविवारी दुपारी घाटाच्या बाजूला काळं झालं, खाडीवरून असा वारा सुटला की शेवंतीवहिनीचे कपडे आपल्या माडावर. मग सर आली. तेव्हापासून येते आणि जाते. ऊन म्हणून नाही. रात्री चादर लागते.

सोलं निम्मी आत घेतली, निम्म्यांना बुरशी आली. जाऊ दे. सांगायचं ते वेगळंच आहे.

माय बरी झाली आहे. म्हणजे कशी सांगू? सोमवारी सकाळी मी उठले तर ती स्वयंपाकघरात. तव्यावर घावन. मला म्हणाली, "बाय, पिठात मीठ खंय घातलंस? तुका इतकी वर्सां शिकयलंय ता वाया गेला." बाय म्हणाली, सॅम! मी तिथेच पिढ्यावर बसले आणि रडले. तिला वाटलं मिठावरून बोलली म्हणून रडते, तर आणखी बोलली.

काल तिने तिसऱ्यांचे शिंपले निवडले. रात्री तेर्साला जपमाळ हातात घेऊन सगळ्या प्रार्थना न अडखळता म्हटल्या. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतली माणसं एकेक करून शेवंतीवहिनीला सांगितली, कोण कुठे गेलं, कोणाचं कोणाशी जमलं नाही, सगळं. पप्पांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली. संध्याकाळी पावसाची सर थांबल्यावर आम्ही दोघी खाडीपर्यंत चालत जाऊन आलो. मला धरून चालली, पण रस्ता तीच दाखवत होती.

तुझी चौकशी करते. कुठे आहे, काय खातो, त्याचं डोकं अजून दुखतं का. रागाचं मी काही विचारलं नाही, पण तुझं नाव घेताना तिचा आवाज मऊ होता.

आपली माय परत आली आहे रे. मला तर झोपायलाही नको वाटतं.

बाय


जहाजावरून
१६ मे

प्रिय बाय,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आमचा दुसरा कुक केरळचा आहे, त्यालाही मिठाचा प्रसंग हिंदीतून सांगितला. तो म्हणाला, माझी आईही अशीच बोलते.

आता नीट ऐक, मी बराच विचार केला आहे. मायचं दुखणं उष्म्याचं आहे हे आता उघड झालं. ऊन वाढलं की गोंधळते, हवा गार झाली की बरी. मी पुढचा अंदाजही बघितला. या गार सरी संपता संपताच पाऊस लागणार, यंदा तो लवकर येतो म्हणतात. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट, सगळे महिने गार. म्हणजे माय थेट सप्टेंबरपर्यंत बरी राहणार.

हे सगळं अशासाठी लिहितो की कंपनीने विचारलंय, सप्टेंबरपर्यंत थांबशील का. माझ्या जागी यायचा माणूस आजारी पडला आहे. हो किंवा नाही ते वीस तारखेच्या आत कळवायचं आहे. थांबलो तर त्यानंतर सलग सहा महिने घरी राहता येईल. नाताळ तिथेच. मायला घेऊन जुन्या गोव्याला जाऊ, सगळी चर्च दाखवू. आता महिनाअखेर आलो तर घाईघाईत येणं होईल आणि लगेच दुसरा करार.

पण तू म्हणशील तसं करतो. मायलाही विचार. ती आता बरी आहे तर तिनेच सांगू दे. तिने 'ये' म्हटलं तर मी उद्या सामान बांधतो.

सॅम


देवबाग
१८ मे

सॅम, हे माय सांगते आहे तसंच लिहिते.

"सॅमा, मी तुझी माय. बाय लिवता नि मी सांगतंय. माका आता बरां आसा. पावस येता नि जाता, गार वारो आसा, पंखोसुद्धा नको. आयज फणसाची भाजी केलंय. तुका आवाडता तशी, खोबरां जास्त घालून. तू नाय म्हणान शेवंतीक दिलंय.

"तुझो बापूस गेलो तेव्हा तू येवक नाय. माका राग इल्लो. मी लोकांसमोर तुका नको ता बोललंय, माझ्याशी बोला नको म्हटलंय. आता राग नाय. दर्यात आसलेल्या माणसान येवचां तरी कसां? ह्यां माका तेव्हाच कळाक व्हया होतां. तू मनात धरू नको.

"बाय म्हणता तुका आजून काम आसा. तर कर. माणसाचां काम आर्ध्यार सोडूचां नाय. कांय घाई नाय. पावस सरलो की ये. मी खंय पळान जातंय? जेवण वेळेर जेव. डोक्याक तेल लाव.

"तुझी माय."

हे तिचं. माझं एवढंच, की ती जे म्हणाली ते मी लिहिलं. ठरवायचं तू. इकडची काळजी करू नकोस, मी आहे.

बाय


जहाजावरून
२० मे

प्रिय बाय, प्रिय माय,

होकार कळवला. सप्टेंबर. मायने सांगितलेलं मी छापून घेतलं आणि बंकच्या वर चिकटवलं. पप्पा गेल्यापासून मला अशी झोप लागली नव्हती.

उद्यापासून आम्ही लांबच्या टप्प्याला निघतोय, नेट अधूनमधून असेल. हवामानात अजून सरीच दिसताहेत. मजेत राहा.

सॅम


देवबाग
१५ जून

प्रिय सॅम,

मधे तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही, पण आता लिहायलाच हवं. आधी हे सांगते की माय आहे, जिवंत आहे, घरी आहे.

तुझा होकार मी तिला वाचून दाखवला. "बरां केल्यान," म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारात गेले होते. परत आले तर ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. पावसाचा शिंतोडा आत येत होता, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी विचारलं, हय कित्या बसलंस? म्हणाली, "वारो बरो लागता." मी तिला आत आणलं, कपडे बदलले. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मग मी समजले. ती रस्ता बघत होती. डोकं अगदी ठिकाणावर असताना, तू सप्टेंबरला येणार हे माहीत असताना. मी म्हटलंसुद्धा, "माय, तो आता येवचो नाय." तर म्हणाली, "माका माहीत आसा. बसाक काय जाता?"

महिनाअखेरीस पाऊस धरून लागला आणि तिला ताप भरला. छातीत कफ. कुडाळला दवाखान्यात ठेवलं. शेवंतीवहिनी आणि मी आळीपाळीने राहिलो. ताप उतरला, छाती मोकळी झाली, आठ जूनला घरी आणलं. पण सॅम, ती आली नाही. शरीर आलं. मला ओळखत नाही, सकाळीही नाही, गार हवेतही नाही. बाहेर तू म्हणतोस तशा सरीवर सरी आहेत, रात्री गोधडी लागते, आणि ती मला विचारते, "बाई, तुमी खंयच्यो?"

डॉक्टरांनी सांगितलं की तापाने आजार पुढे गेला. आणि एक गोष्ट त्यांनी मेमध्येच सांगितली होती, जी मी तुला लिहिली नाही. मी त्यांना फोन करून आनंदाने सांगितलं होतं, माय बरी झाली. ते म्हणाले, "असे दिवस येतात, टीचर. ऊन उतरलं की थोडं बरं वाटतं. पण आजार उतरत नाही. जवळच्यांना भेटून घ्यायचं असेल तर हेच दिवस." मी ऐकलं आणि लिहिलं नाही. तू समुद्रात, तुझ्या डोक्याला ताप कशाला, असं म्हटलं. खरं म्हणजे मलाच ते खरं वाटायला नको होतं. तू पावसाळ्याचा हिशोब मांडलास तो मला पटला, कारण मलाही तोच हवा होता.

आणखी एक. त्या दिवशी माय सांगत होती तेव्हा आधी म्हणाली, "तेका सांग, आता ये." मी ते टाइप केलं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "नको. ता काढ. तो कामार आसा." मी काढलं. तू लिहिलं होतंस, ती ये म्हणाली तर सामान बांधतो. मला ते माहीत होतं आणि मी काढलं. आईचं ऐकायची सवय. या वयातही.

तू मला काय म्हणायचं ते म्हण.

बाय


जहाजावरून
१७ जून

बाय,

मी तुला काही म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी म्हणालो असतो. तुझं पत्र वाचून डेकवर गेलो आणि बराच वेळ तुझ्यावर चिडत होतो. मग कळलं की चिडायला मला तू सोयीची होतीस. डॉक्टरांचं तू लिहिलं असतंस तरी मी आलो असतो का? मला वाटतं, मी तेव्हाही काहीतरी निमित्त काढलं असतं. मायचा राग गेला हे वाचून मला इतकं हलकं वाटलं की आता भेटायला वेळच वेळ आहे असं वाटायला लागलं. माफी मिळाली, आता आरामात जाऊ. आणि त्याआधी तर भीतीच होती. ती जेवण वाढून आत निघून जाईल ही भीती. त्या भीतीला मी कंपनीचं काम म्हणत होतो.

मायने घाई नाही म्हटलं. आपल्या घरात कोणी कधी घाई आहे असं म्हटलंय? पप्पा छातीत दुखत असताना म्हणाले होते, पेज जेवून मग दवाखान्यात जाऊ. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी तिचाच मुलगा ना.

कॅप्टनला सांगितलं. पुढचं बंदर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तिथे उतरतो. नवीन माणूस येवो न येवो.

तोवर तिला सांगू नकोस मी येतोय म्हणून. पायरीवर बसवू नकोस.

सॅम


देवबाग
५ ऑगस्ट

प्रिय बाय,

तुझी सँड्रीना आणि तिचं बाळ बरे आहेत हे वाचून आनंद झाला. मुलीच्या बाळंतपणाला आईने जायचंच असतं, तेव्हा वसईत बसून इकडची चिंता करू नकोस. घर मी आणि शेवंतीवहिनी बघतो. घर नीट आहे. फक्त तुझ्या मिरच्या कुठल्या बरणीत आहेत ते लिही.

तू निघालीस तेव्हा मी म्हटलं होतं, मायचं सगळं खरं खरं लिहीन. लिहितो.

ती शांत आहे. वेळेवर जेवते. मी केलेलं जेवण तिला आवडतं, एकदा म्हणाली, "हाटेलवाल्यानू, कडी बरी केलास." मी आलो त्या दिवशी तू दारात रडत होतीस आणि ती माझ्याकडे बघून "येवा, बसा" म्हणाली होती, तसंच अजून आहे. कधी मी हॉटेलवाला असतो, कधी दवाखान्यातला माणूस, कधी कोणीच नाही. अंघोळीला शेवंतीवहिनी येतात. रात्री मी तिच्या खोलीत खाली अंथरूण टाकतो.

पहिले काही दिवस मी वाट बघितली. हवा गार पडली की म्हणायचो, आज. सकाळी सर येऊन गेली, वारा सुटला, की तिच्यासमोर जाऊन बसायचो. तिचं डोकं ठिकाणावर येईल आणि ती म्हणेल, अरे सॅमा, कधी इलंस? तसं झालं नाही. आता मी तसा बसत नाही. हवामान बघायचंही सोडलं. बाहेर काय चाललंय ते दारातून दिसतंच.

कामाचं विचारलंस. कंपनीला नकार कळवला. मालवणात एक खानावळ चालवायला माणूस शोधताहेत, सकाळचंच काम आहे, येष्टीने जाऊन येता येईल. तू परत आलीस की बघू. सहा महिने म्हणालो होतो, आता तसं काही धरलेलं नाही.

काल संध्याकाळचं सांगतो आणि थांबतो. मी तिच्या डोक्याला तेल लावत होतो. तिला ते आवडतं, डोळे मिटून बसते. मधेच म्हणाली, "तुमचे हात मऊ आसत. माझ्या झिलाचेसुद्धा असेच."

मी विचारलं, "तुमचो झील खंय आसता?"

"दर्यार. बोटीर. मोठां काम आसा तेका." आणि मग डोळे उघडून माझ्याकडे वळून बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, आता. माझा हात थांबला. ती हळूच म्हणाली, कोणी ऐकू नये तशी, "तुमका तो खंय भेटलो, तर माझ्या दुखण्याचां सांगू नकात हां. उगाच काळजी करीत. तेका म्हणा, माय बरी आसा."

मी म्हटलं, "म्हणतंय."

"सांगशात मां?"

"सांगतंय."

मग ती पुन्हा डोळे मिटून बसली आणि मी तेल लावत राहिलो.

तुझा,
सॅम